ओटीपी मीही मागतो, चोरही मागतो

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सादर नमस्कार.

मी कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात 'आपले सरकार' सेवा केंद्र चालवतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं : "ओटीपी आलाय बघा, सांगा." परवा एक मावशी आल्या. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला खोचलेली. पिशवीसकट माझ्या हातात देत म्हणाल्या, "तूच बघ की लेकरा, मला कुठलं वाचायला येतंय." मी बघितलं. इंग्रजीत सहा आकडे आणि पुढं इंग्रजीतच ताकीद, की हा आकडा कुणालाही सांगू नका. मी तो टाकला, दाखल्याचा अर्ज पुढं गेला, मावशी आशीर्वाद देऊन गेल्या.

साहेब, नेमक्या याच वाक्यावर चोरांचंही दुकान चालतं.

संगणकाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही, माझं पोट त्यावर आहे. वारणानगरच्या भोवतीची कोल्हापूर-सांगलीतली 70 गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प 1998 मध्ये सुरू झाला, तेव्हा देशभरातून लोक बघायला येत होते. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत अख्खा दिवस मोडायचा. आता डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. दाखला किती दिवसांत मिळायला हवा, हे 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ठरवून दिलंय. हे सगळं चांगलंच झालं.

पण चोरीही बदलली. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला, 94 कोटींच्या वर रक्कम गेली. बनावट कार्डांनी पैसे काढले गेले त्यात आमच्या कोल्हापुरातली एटीएमही होती. तेव्हा आम्ही म्हणालो, हे बँकवाल्यांचं दुखणं. त्या चोरांना निदान बँकेची यंत्रणा तरी फोडावी लागली होती. आताच्यांना काहीच फोडावं लागत नाही, माणूस आतून कडी काढतो.

आमच्या गल्लीतल्या अण्णांचं सांगतो. उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली, पाठवणारा गावातलाच, ओळखीचा. (त्याचा मोबाइल आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता, हे मागाहून कळलं.) अण्णांनी ती उघडली, विचारेल त्याला 'अलाऊ' केलं. ती फाइल म्हणजे एपीके, अॅपच. एकदा आत बसलं की मोबाइलवर येणारे मेसेज ते परस्पर वाचतं. ओटीपी मागायचीही गरज उरत नाही. संध्याकाळपर्यंत 48,000 रुपये गेले. "सरकारचंच आहे म्हणून दाबलं रे," अण्णा म्हणाले. यात अण्णांचं काय चुकलं ते मला सापडत नाही. केवायसी करा, आधार जोडा, मुदत संपत आली, नाहीतर हप्ता बंद, असं तर आपणच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. चोरानं फक्त आपला आवाज काढला.

मी लगेच 1930 लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. तक्रार लवकर गेली तरच बँका मधे रोखू शकतात. दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथून दुसरीकडे, तिथून 'उद्या या'. ठाण्यातल्यांचाही सगळा दोष नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 78 प्रमाणे या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचाच नाही, आणि एका ठाण्यात इन्स्पेक्टर असून असून असणार किती? कायदा केंद्राचा, पोलीस गृहखात्याचे, मला ठाऊक आहे. पण मेसेज आणि पोर्टल तरी सरकारच्या हातात आहेत ना?

मग एवढं करा. ओटीपीच्या मेसेजची पहिली ओळ मराठीत असू द्या : 'उत्पन्नाच्या दाखल्यासाठी' किंवा 'बँकेतून पैसे काढण्यासाठी'. आकडा त्याच्यानंतर. केंद्रात सांगायचा ओटीपी आणि कुणालाच न सांगायचा ओटीपी आज दिसायला सारखेच आहेत. दुसरं, कुठल्याही योजनेच्या मेसेजमध्ये लिंक नको, 'जवळच्या केंद्रात जा' एवढंच लिहा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानं आता सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी इंग्रजी 'जी' (G) हे अक्षर येतं. चांगली खूण आहे. पण माझ्या केंद्रात येणाऱ्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही उशिराच कळली. एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, दूध संस्थेच्या भिंतीवर लावा की ती.

चोरांना वापरता येऊ नये म्हणून आधारचा अंगठा लॉक करता येतो म्हणतात, तेही आम्ही लोकांना करून दिलं. मग पुढच्या महिन्यात रेशन दुकानात अंगठा लागेना आणि बायाबापड्या माझ्याच नावानं ओरडत आल्या! प्रत्येक वेळी लॉक उघडायचं कुणी, हे आधी ठरवायला हवं होतं.

अण्णांचं आता निराळंच झालंय. पीएम किसानची ई-केवायसी, खरीखुरी, सरकारी, करायची राहिलीय, हप्ता अडकलाय. परवा मी मशीनवर सगळं भरलं, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. मी म्हटलं, "अण्णा, सांगा." त्यांनी मोबाइल बंडीच्या खिशात घातला आणि म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना, कुणाला सांगायचा नाही म्हणून?"

त्यांना मी काय उत्तर देऊ, ते कळवावं.

आपला,
करवीर तालुक्यातला एक केंद्रचालक