साठ कोटी डॉलरचा हिशेब जुळत नाही

महोदय,

‘इनसाइड डीप थ्रोट’ (२००५) या माहितीपटावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. २५ हजार डॉलरमध्ये, सहा दिवसांत चित्रित झालेल्या ‘डीप थ्रोट’ (१९७२) या अमेरिकन अश्लील चित्रपटाने साठ कोटी डॉलर कमावले, हे माहितीपटाच्या जाहिरातीतले विधान लेखात जसेच्या तसे छापले आहे. ते पडताळायला हवे होते. तिकीट पाच डॉलर धरले, तर साठ कोटींसाठी १२ कोटी तिकिटे खपायला हवीत. १९७० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या, मुलाबाळांसह, सुमारे २० कोटी ३० लाख होती. शिवाय २३ राज्यांत बंदी होती, असे तीच जाहिरात सांगते!

या चित्रपटाच्या कमाईचा विश्वासार्ह हिशेब मिळणेच कठीण. पैसा पेराइनो कुटुंबाचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबो माफिया टोळीतल्या लोकांचा. त्यांची माणसे थिएटरवर जाऊन प्रेक्षकांची डोकी मोजत आणि वाटा रोखीने घेऊन जात. अशा व्यवहारात कर चुकवायला आकडा कमी दाखवता येतो, तसाच काळा पैसा पांढरा करायला फुगवताही येतो.

खरा परिणाम पाहायचा तर खटल्यांकडे वळावे. अभिनेता हॅरी रीम्स हा निर्माता नव्हे, वितरक नव्हे. तरीही अश्लील चित्रपट राज्याराज्यांत पाठवण्याच्या कटात १९७६ साली मेम्फिसच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. कामाची मजुरी घेऊन मोकळ्या झालेल्या नटाला असे गोवणे धोकादायक होते, आणि माहितीपट ते उत्तम दाखवतो. मात्र १९७७ मध्ये निकाल फिरला तो तांत्रिक मुद्द्यावर, हे लेखात यायला हवे होते. अश्लीलतेची कसोटी अधिक कडक करणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा ‘मिलर’ निकाल जून १९७३ चा, रीम्सचे काम त्याआधीचे. नवी कसोटी जुन्या कृत्याला लावता येत नाही.

सर्वात खटकले ते चित्रपटाची नायिका लिंडा लव्हलेस हिच्याबद्दलचे एका ओळीतले उरकणे. पती चक ट्रेनर याने मारहाण करून, बंदुकीच्या धाकाने आपल्याकडून हे काम करवून घेतले, असे तिने १९८० च्या आत्मचरित्रात लिहिले आणि १९८६ साली अश्लील साहित्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मीस आयोगापुढेही सांगितले. ट्रेनरने बळजबरीचा आरोप नाकारला. माहितीपटही ही बाजू घाईने संपवतो. चित्रपटाला लैंगिक स्वातंत्र्याचा टप्पा म्हणायचे असेल, तर आधी या साक्षीला उत्तर द्यावे लागेल. पुढील अंकात साठ कोटींचा आकडा दुरुस्त करावा आणि ही साक्ष सविस्तर छापावी, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर