वनमंत्र्यांना खुले पत्र: रोपे मोजलीत, आता सुयाही मोजा

माननीय वनमंत्री महोदय,

सूचीपर्णी, म्हणजे पाइन-स्प्रूससारख्या सुईच्या आकाराची पाने असलेल्या झाडांच्या, रोपवनाच्या अहवालात हेक्टरी किती रोपे लावली आणि किती जगली, हे हमखास असते. 2 बाय 2 मीटरवर लावली तर 2500, 3 बाय 3 वर साधारण 1100. पहिला आकडा छापायला बरा दिसतो, म्हणूनच तो लाडका असावा, अशी मला शंका आहे. पण या दाटीचा झाडांवर काय परिणाम होतो, हे कळायला या अहवालात आणखी एक रकाना हवा: फांदीवर किती वर्षांच्या सुया टिकून आहेत?

त्याला यंत्र लागत नाही. स्प्रूस, फर आणि बऱ्याच पाइनच्या फांदीवर दर वर्षीची वाढ वेगळी ओळखू येते; टोकाकडून मागे मोजत जायचे. काही पाइन वर्षातून दोनदा वाढतात, तिथे जपून. लार्च तर दर वर्षी सगळ्या सुया झाडते, तिला वगळा. स्कॉट्स पाइनच्या सुया साधारण 2 ते 4 वर्षे राहतात, स्प्रूसच्या बऱ्याच जास्त.

पण जास्त वर्षे म्हणजे झाड निरोगी, असे मात्र समजू नका. सावलीतली सुई सावकाश अन्न बनवते. तिच्यावर झालेला खर्च भरून निघायला वेळ लागतो, म्हणून ती बहुधा जास्त टिकते. मोकळ्या जागेतले जोमदार झाड जुन्या सुयांतला नायट्रोजन काढून नव्या वाढीला देते आणि जुन्या लवकर गाळते. उलट दाटीत पाण्याची ओढाताण झाली की जुन्या सुया अकाली गळतात. दमट, कोंदट हवेत डोथिस्ट्रोमासारखे बुरशीजन्य रोग बळावतात. उजेड फारच कमी झाला, तर सुयांचे वय मोजायला फांदीच उरत नाही.

म्हणून तुलना एकाच जातीच्या, एकाच वयाच्या झाडांची, सारख्या उंचीवरच्या उजेडातल्या फांद्यांवर करावी. सोबत हिरवा पर्णसंभार खोडावर कुठून सुरू होतो, तेही लिहावे. तो एकूण उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी उरला, तर विरळणी करूनही, म्हणजे मधली काही झाडे काढून जागा मोकळी केली तरी, झाड सावरायला वेळ घेते.

तुमचे अधिकारी म्हणतील, अंतर वाढवले की फांद्या जाड होतात आणि लाकडात मोठ्या गाठी येतात. त्यांचे बरोबर आहे. मग दाट लावा, पण वेळेवर विरळणी करा आणि तिचा निधी लावणीच्या मंजुरीतच बांधून टाका. लावणीचा समारंभ होतो, विरळणीचा होत नाही. पैसा नेमका तिथेच आटतो. विरळणीनंतर अचानक उन्हात आलेल्या सावलीतल्या सुया करपून गळू शकतात. त्या पहिल्या मोजणीवरून काम फसले, असे कोणी ठरवू नये.

नव्या प्रत्येक मोठ्या रोपवनात निरनिराळ्या अंतरांचे काही तुकडे राखून ठेवावेत, दर वर्षी त्याच झाडांची नोंद घ्यावी आणि ती लोकांसाठी खुली करावी, ही विनंती.

आपला,
एक नागरिक