माजुलीच्या गाडीवाल्या दादांस

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आम्हा बाप-लेकीला माजुली, ब्रह्मपुत्रेच्या पात्रातले तुमचे बेट, दाखवलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र आहे. याचा हिंदी तर्जुमा तुमच्या मुलीच्या फोनवर वेगळा पाठवला आहे आणि ती तो तुम्हाला वाचून दाखवेलच. मूळ पत्र मात्र मी मुद्दाम मराठीत आणि चारचौघांनी वाचावे म्हणून लिहिते आहे, कारण आमच्या भागातून आसामला जाणारी बहुतेक मंडळी काझीरंग्याचा गेंडा पाहून परत फिरतात, आणि तिथून पुढे जोरहाट गाठून ब्रह्मपुत्र ओलांडली तर काय पाहायला मिळते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. तुमचे नाव कुठे छापू नये असे तुम्ही बजावले होते, ते पाळते आहे.

माजुलीविषयी निघण्यापूर्वी जे जे वाचनात आले त्या सगळ्याचा सूर एकच होता. बेट बुडते आहे, संपण्याआधी पाहून घ्या. त्यातली माहिती खरी आहे, हे तुम्हीही नाकारले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाराशे चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे बेट आज त्याच्या निम्मेही उरलेले नाही. 15 ऑगस्ट 1950 च्या भूकंपात डोंगरांचे कडे कोसळून नद्यांत गाळ आला, ब्रह्मपुत्रेचे पात्र उथळ झाले आणि ती काठ खाऊ लागली, ती अजून थांबलेली नाही. कमलाबारी घाटावर उतरल्या उतरल्या मी तुम्हाला विचारले होते की जमिनीची धूप सर्वांत जास्त कुठे दिसते, तिकडे आधी जाऊ या. तुम्ही बाबांच्या हातातली पिशवी घेतलीत आणि म्हणालात, "पहले खाना खाइए." त्या एका वाक्याने आमच्या सहलीचा क्रम ठरला, आणि तो तसा ठरला म्हणूनच आज हे पत्र लिहिण्याजोगे माझ्याजवळ काही आहे.

तुम्ही आम्हाला आधी जेवू घातलेत, मग मोहरीच्या पिवळ्या शेतांमधून गाडी हळूहळू नेलीत, वाटेत पाणथळीवर उतरलेले परदेशी पक्षी दिसले की न सांगता थांबलात, आणि संध्याकाळी औनियाती सत्रात घेऊन गेलात. सत्र म्हणजे तिथला वैष्णव मठ. हे सत्र 1653 सालचे, अहोम राजा जयध्वज सिंह याच्या आश्रयाने उभे राहिलेले. मधोमध नामघर, म्हणजे प्रार्थनेचे सभागृह, आणि भोवती भक्तांच्या राहण्याच्या ओळी, म्हणजे हाट्या. बाबा वारकरी. गावच्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर टाळ धरला आहे. नामघरात खोल नावाचा मृदंगासारखा ढोल घुमू लागला आणि भोरतालांची, म्हणजे मोठ्या झांजांची, जोडी वाजली, तेव्हा ते गुडघ्यांचे दुखणे विसरून भिंतीशी ताठ बसले. आसामचे वैष्णव संत शंकरदेव यांची परंपरा नामस्मरणाची, आपल्या संतांचीही तीच; आणि शंकरदेवांच्या उतारवयात इकडे पैठणला एकनाथ महाराज मोठे होत होते, हे बाबांनी तुम्हाला त्यांच्या मोडक्या हिंदीत इतक्या उत्साहाने समजावले, की त्यातले किती तुमच्यापर्यंत पोहोचले याची मला शंका आहे. तुम्ही मात्र शेवटपर्यंत मान डोलावत होतात. त्या सौजन्याबद्दल वेगळे आभार.

सामागुरी सत्रात तुम्ही आम्हाला नुसते सोडून आला असता तरी चालले असते, कारण मुखवट्यांचे दालन पाहायला इतर पर्यटकांना जेमतेम पंधरा-वीस मिनिटे लागत होती. तुम्ही आम्हाला मागच्या पडवीत नेलेत, जिथे काम चालू होते. तिथे एक तरुण मुलगा बांबूच्या पातळ कामट्या एकमेकींत अडकवून षटकोनी जाळीचा सांगाडा विणत होता. शेजारी कुंभारमातीच्या काल्यात भिजवलेले कापडाचे तुकडे होते, ते सांगाड्यावर बसवायचे, वाळू द्यायचे, मग माती आणि शेण यांच्या मिश्रणाने नाक, गाल, भुवया उठवायच्या, बांबूच्या पात्याने घासून गुळगुळीत करायचे आणि शेवटी रंग द्यायचा. लोटोकारी मुखवट्याचा जबडा वेगळा करून दोरीने जोडलेला असतो, त्यामुळे नट बोलू लागला की राक्षसही बोलतो. या मुखवट्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याआधीच्या वर्षी सामागुरीचे हेमचंद्र गोस्वामी यांना पद्मश्री, हे मला ठाऊक होते. सांगाडा इतका हलका असतो हे ठाऊक नव्हते.

इथे बाबांची गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही जव्हारकडचे. आमच्याकडे होळीनंतर बोहाडा होतो, रात्रभर संबळाच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात, आणि बाबांनी तरुणपणी नरसिंहाचे सोंग नाचवले आहे. ते सोंग लाकडी होते, त्याचे वजन मानेवर येई, आणि त्या वर्षांची आठवण म्हणून त्यांची मान आजही उजवीकडे पूर्ण वळत नाही. तुम्ही त्या मुलाशी आसामीत काही बोललात आणि त्याने भिंतीवरचा नरसिंह काढून बाबांच्या डोक्यावर ठेवला, खाली गमछा बांधून दिला. बाबांनी आधी वजनाचा अंदाज घेतला, मग एक पाऊल, मग दुसरे, आणि गुडघे दुखणारा सत्तरीचा माणूस त्या पडवीत गिरकी घेऊन थांबला. मुलाने हातातले काम टाकून टाळ्या वाजवल्या. पुढचा तास त्या दोघांनी मुखवटा नाकावर कसा बसवावा, श्वासाला जागा कुठे ठेवावी आणि घाम आला की आतला भाग कसा फुगतो, याची चर्चा केली. भाषेवाचून त्यांचे काहीही अडले नाही. एवढा वेळ तुम्ही बाहेर गाडी उभी करून थांबलात आणि एकदाही घड्याळ पाहिले नाहीत. भाड्याने गाडी चालवणाऱ्या माणसाचा एक तास म्हणजे काय, हे आम्हाला कळते.

परतीच्या सकाळी धुके पडले. पलीकडचा काठ तर सोडाच, घाटावरची होडीसुद्धा दिसेना, आणि जोरहाटच्या बाजूच्या निमाती घाटाकडे जाणारी फेरी कधी सुटेल हे कोणी सांगेना. आमचे विमान चुकणार हे उघड होते. तिकिटाच्या कंपनीने फोनवर जी वागणूक दिली ती इथे सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही आम्हाला घाटावर ठेवून दुसरे भाडे घ्यायला मोकळे होतात. त्याऐवजी सामान पुन्हा गाडीत घालून थेट तुमच्या घरी नेलेत.

मिसिंग लोकांची चांग घरे मी रस्त्यावरून पाहिली होती, त्यांचे फोटोही काढले होते. आत राहणे ही निराळी गोष्ट आहे. खांबांवर उचललेले लांबच लांब घर, फोडून सपाट केलेल्या बांबूची जमीन, चालताना ती किंचित लवते आणि फटींतून खालची कोंबडी दिसते. मधोमध मातीच्या चौकटीत चूल, तिच्यावर टांगलेल्या फळ्यांवर सुकत ठेवलेले मासे. खाली सावलीत वहिनींचा माग आणि खांबाला बांधलेली एक पालथी होडी. वर चढायला एकाच ओंडक्यात खाचा पाडलेला जिना. बाबा त्या जिन्याकडे पाहून गप्प झाले ते तुमच्या लक्षात आले असावे, कारण मी काही सुचवण्याआधी तुम्ही कोयता घेऊन बांबू तोडलात, दोन बाजूंना उभे केलेत, आडवा बांबू बांधलात, आणि चहा होईपर्यंत जिन्याला कठडा तयार होता. बाबा त्या दिवशी उगीचच चार वेळा खाली-वर करून आले.

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलेत, ते कोणत्याही माहितीफलकावर नव्हते. घराची जमीन किती उंच ठेवायची हे मागच्या मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरते. पाणी येते, घराखालून जाते, होडी सोडावी लागते, आणि ओसरताना शेतात गाळ ठेवून जाते. त्या गाळावर मोहरी चांगली येते. पुराची भीती तुम्हाला फारशी नाही, भीती काठ कोसळण्याची आहे, कारण पूर परत जातो आणि कोसळलेली जमीन परत येत नाही. तुमच्या आजोबांचे घर जिथे होते तिथे आता मुख्य प्रवाह आहे. हे सांगताना तुम्ही हात वर करून नदीच्या मध्यावर एक जागा दाखवलीत, जणू शेजारच्या आळीतले घर दाखवावे. मग लगेच सांगितलेत की घर हलवताना कोणते खांब उपटून न्यायचे, कोणते तिथेच सोडायचे, छपराचा बांबू कोणत्या महिन्यात तोडला तर त्याला कीड लागत नाही. मी वहीत उतरवून घेत होते आणि माझ्या लक्षात आले की काठ किती आत आला हे मी दोन दिवस विचारलेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला वहिनींनी तांदूळ नुसता पाण्यात भिजवून ठेवला, थोड्या वेळाने तो शिजल्यासारखा मऊ झाला, आणि त्यावर दही-गूळ घालून दिला. हा तिथला खास तांदूळ, कोमल साऊल. चूल पेटवायची गरज नाही, त्यामुळे पुराच्या दिवसांत बरा पडतो, असे त्या सहज म्हणाल्या. मी शहरात नोकरी करते, दर दोन-तीन वर्षांनी भाड्याचे घर बदलते आणि प्रत्येक वेळी महिनाभर कुरकुरत असते. वहिनींची ती भिजवलेल्या तांदळाची वाटी हातात असताना त्या कुरकुरीची मला गंमत वाटली. इतकेच. तुमच्या हलाखीतून मला काही मोठा बोध झाला असे मी म्हणणार नाही, कारण ती हलाखी आहे असे तुम्ही मला एकदाही वाटू दिले नाहीत. बांध नीट होत नाहीत याबद्दल तुमचा राग मी ऐकला, वाहून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळत नाही याबद्दलचाही. तो रास्त आहे आणि मोहरीच्या शेताच्या सौंदर्याने तो फिटत नाही. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दाखवल्यात, यासाठी मी तुमची ऋणी आहे.

फेरी सुरू झाली तेव्हा घाटावर तुम्ही जास्तीच्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. वाद घालण्यात अर्थ नव्हता, भोंगा वाजत होता. आता बाबांनी त्यावर तोड काढली आहे. जव्हारच्या एका कारागिराकडून त्यांनी कागदाच्या लगद्याचा लहानसा नरसिंह करवून घेतला आहे, तो टपालाने निघाला आहे. सामागुरीच्या त्या मुलाला तो द्यावा आणि आतून अस्तर कसे लावले आहे ते त्याने उलटून पाहावे, असा निरोप आहे. सोबतची दोन लुगडी वहिनींना आहेत. ती परत पाठवू नका, बाबा ऐकणार नाहीत.

आणि होळीनंतर तुमच्याकडे पर्यटक कमी होतात असे तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा बोहाड्याला या. रेल्वेने नाशिक रोडला उतरा; तिथून घाटाच्या रस्त्याने आमच्या गावापर्यंत मी गाडी घेऊन येईन आणि त्या दिवशी तुम्ही मागच्या सीटवर बसायचे. वहिनींनाही आणा. आमच्या घराला जिना नाही.

आपली नम्र,
जव्हारच्या बाबांची मुलगी