बाळ रांगायला लागल्यावर आलेला गरोदरपणाचा हप्ता

मा. संपादक,

बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोडीच्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी बाया अजून कागद घेऊन माझ्याच ओट्यावर येतात. त्यातले निम्मे कागद पंतप्रधान मातृवंदना योजनेचे असतात आणि प्रश्न एकच असतो, ‘बाई, माझा हप्ता कधी पडंल?’

1 जानेवारी 2017 पासून ही योजना लागू आहे. पहिल्या खेपेला 5000 रुपये मिळतात. गरोदरपणाची वेळेत नोंद होऊन एक तपासणी झाली की 3000, बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्या की 2000. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6000. गरोदरपणात बुडणारी मजुरी थोडीफार भरून निघावी आणि बाईला विश्रांती घेता यावी, हा योजनेचा लिखित हेतू आहे. नोकरदार बाईला 2017 च्या दुरुस्तीपासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. 2025-26 साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या हिशेबाने 5000 रुपये म्हणजे 16 दिवसांची मजुरी. मजूर बाईला एवढीच रजा आहे, आणि तीसुद्धा वेळेवर मिळत नाही.

माझ्या शेजारच्या वस्तीवरच्या एका सुनेचं सांगते. पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं, श्रावणात फॉर्म भरला. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघाली. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली होती आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे तिला मागे राहता येईना. जाताना तिने मला विचारलं होतं, ‘पैसे आले तर शेवटचे दोन महिने आईकडं राहीन म्हणते.’ पैसे आले नाहीत. आठव्या महिन्यापर्यंत तिने मोळ्या वाहिल्या. फेब्रुवारीत कारखान्याच्या बाजूलाच बाळंत झाली आणि कोपीतच, म्हणजे तिथल्या झोपडीतच, बाळंतपण काढलं.

अर्ज अडला होता नावावर. आधारवर माहेरचं नाव, तपासणीच्या कार्डावर सासरचं. नुकतं लग्न झालेल्या मुलीचं असंच असणार, आणि योजना तर मुख्यतः पहिल्या बाळासाठीच आहे! दुरुस्ती करा असा संदेश नवऱ्याच्या मोबाइलवर आला असं म्हणतात, पण रिचार्ज संपलेला. आला असता तरी अंगठा द्यायला गावी कसं यायचं? एक दिवस कामावर न गेलं की खाडा, म्हणजे दंड, लागतो. वैशाखात ती परतली, तेव्हा कुठे नाव दुरुस्त करायला आम्ही तालुक्याला गेलो. तीन चकरा झाल्या. एकदा साइट बंद, एकदा साहेब बैठकीला, एकदा बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नाही म्हणून परत. पहिले 3000 पडले ते पुढच्या दिवाळीच्या तोंडावर. बाळ रांगत होतं आणि ती पुन्हा कोयत्यावर निघायच्या तयारीत होती.

दुसरा हप्ता त्याहून अवघड झाला. जन्माचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यातला, लसींची नोंद तिथल्या कार्डावर. इथे ती पुन्हा पडताळायची म्हणे. आता नव्या नोंदणीला मोबाइलवर चेहराही जुळवावा लागतो. खोटे अर्ज रोखायला हे हवं असेल, मान्य आहे. पण गरोदर बाई खोटी असू शकत नाही हे तिच्याकडे बघून कुणालाही कळतं. गावची सेविका आणि आशा तिला दर महिन्याला बघत असतात. त्यांच्या सहीला किंमत का असू नये?

माझं म्हणणं असं की सातवा महिना लागायच्या आत पहिल्या हप्त्याचा निकाल लागलाच पाहिजे. मिळणार की नाही, आणि नसेल तर कशासाठी, हे मराठीत लिहून बाईच्या हातात द्या. राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. साध्या दाखल्यालाही त्यात मुदत आहे, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. तशीच पक्की मुदत इथेही लावा. लग्नामुळे बदललेल्या नावासाठी लग्नाचा पुरावा आणि सेविकेची खातरजमा पुरेशी धरा, त्यासाठी अर्ज मागे पाठवू नका. कारखान्याच्या ठिकाणी टोचलेली लस तिथल्याच परिचारिकेने नोंदवली की गावी पुन्हा विचारू नका.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये मिळावेत असं म्हटलं आहे. रकमेबद्दल वेगळं भांडता येईल. सध्या जे कबूल केलं आहे ते तरी पोट पुढे आलेलं असताना द्या.

आमच्याकडून टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधीच्या महिन्यात गावोगावी एकेक दिवस बसून गरोदर बायांचे अडलेले अर्ज निकाली काढावेत, त्या दिवशी बँकेचा माणूस सोबत असावा, आणि तारीख दवंडी देऊन आधी कळवावी. कागद गोळा करून ठेवायचं काम मी आणि माझ्यासारख्या निवृत्त सेविका विनामोबदला करायला तयार आहोत.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. बीड