सुहासला पत्र: स्विफ्टला शॉकअप की कॉइलओव्हर?

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते, कुंभार्लीच्या वळणांवर अंग टाकते आणि पाच माणसं बसली की मागून बसते. गॅरेजवाल्याने तिन्हींवर एकच इलाज सांगितलाय, कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच. माझं मत आधीच लिहून टाकतो: २०१४ ची स्विफ्ट, चिपळूण-कराड रस्ता आणि घरच्यांना घेऊन फिरणं, एवढ्यासाठी चांगले शॉकअप, लागल्या तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि वरचं रबर-सामान पुरे.

पण खरेदीआधी दोष शॉकअपचाच आहे का ते बघ. बॉनेट दाबून सोडायची चाचणी पार मेलेला शॉकअप तेवढा पकडते, अर्धमेला तिच्यात पास होतो. टायरवरून तळहात फिरव. जागोजागी उंचसखल चट्टे लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय. शॉकअपचं अंग पुसून आठवड्याने परत बघ. किंचित ओलसर झाक चालते, तेलाचा ओघळ चालत नाही. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली की आवाज नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की खडखडतं, असं असेल तर आधी अँटी-रोल बारला (गाडीचं झुकणं आवरणारी आडवी सळई) जोडणारा लिंक रॉड बघ, कारण हा बार दोन्ही बाजूंत फरक पडला तरच काम करतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्’ करून उडाली, तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय.

मागून बसण्याचा शॉकअपशी फारसा संबंध नाही. वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त तिची हालचाल आवरतो. रिकामी गाडी सपाट जागी उभी कर आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजूंना मोज. डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक असेल किंवा दोन्हीकडे गाडी उतरलेली दिसत असेल, तर मागच्या स्प्रिंगांची जोडी बदल. स्प्रिंगेत रबरी ठोकळे कोंबणारे भेटतील. त्यांना हात जोड; ठोकळा अडकवला की तेवढे वेटोळे काम करेनासे होतात आणि उरलेल्यांवर ताण येतो.

आता कॉइलओव्हर. पुढे तुझ्या गाडीला मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग कंपनीकडूनच येते. कॉइलओव्हरमध्ये त्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगेखालची वाटी वर-खाली फिरवता येते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा पिळ घेणारा आडवा दांडा आहे, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे संचात मागे मिळतो तो उंची बदलायचा आट्याचा तुकडा आणि एक वेगळा शॉकअप. नाव कॉइलओव्हर, पण मागे तसं काही नाही.

खरा मुद्दा चाकाला वर-खाली मिळणाऱ्या प्रवासाचा आहे. हिशेबासाठी धरू, पुढच्या एका कोपऱ्यावर २५० किलो वजन, म्हणजे साधारण २४५० न्यूटन. स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटनची असेल तर ती या वजनाखाली १२२ मिमी दबते. कॉइलओव्हरच्या संचात ५ किलो प्रति मिमी, म्हणजे जवळपास ५० न्यूटनची स्प्रिंग सर्रास येते. ती दबते फक्त ४९ मिमी. चाक खोल खड्ड्यात उतरलं की ४९ मिमीनंतर तिच्यात रेटा उरत नाही. चाक लोंबकळतं, पकड जाते, स्प्रिंग वाटीत सैल होऊन आपटते. रेसवाले म्हणूनच वर एक मऊ हेल्पर स्प्रिंग लावतात, स्वस्त संचात ती बहुधा नसते. वरून तू गाडी ४० मिमी उतरवलीस तर बंप स्टॉपपर्यंतचं (शेवटचा धक्का झेलणारं रबर) अंतरही तेवढंच घटलं. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नमुन्यातला स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद. आपल्या गावांतले किती त्या मापाचे आहेत हे तुला माहीतच आहे. त्यावर १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्स १३० करायचा तर पाच माणसांनी उतरून चढावं लागेल.

वळणांवर झुकणं तरी नक्की कमी होईल का? कडक स्प्रिंगेने होईल. पण मॅकफर्सनमध्ये गाडी खाली आणली की लोअर आर्म वरच्या दिशेला कलतात आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोन्हींतलं अंतर वाढतं, म्हणून उतरवलेली गाडी तेवढ्याच स्प्रिंगेवर जास्त झुकू पाहते. म्हणजे कडकपणाचा काही भाग उंची कमी केल्याचा तोटा भरून काढण्यातच खर्ची पडतो. मूळ शॉकअपवर नुसत्या आखूड स्प्रिंगा चढवण्याचा सल्ला तर याहून वाईट. स्प्रिंग अडीचपट कडक केली तर तिला तितकंच आवरायला डॅम्पिंग (शॉकअपचा रोध) दीडपटीहून थोडं जास्त लागतं. जुन्या शॉकअपमध्ये ते कुठून येणार? गाडी टणटण उडते.

तेव्हा शॉकअप घे. रोजच्या वापराला गॅस भरलेला ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) उत्तम: गॅब्रिएल, केवायबी, किंवा मारुतीचाच मूळ भाग. मोनोट्यूब (एकाच नळीचा) घाटात तापून ढिला पडत नाही, पण चालवताना बारीक खडेही हाताला कळवतो आणि बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा पडला तर पिस्टन अडकतो. चारही एका कंपनीचे घे, निदान एका आक्सावरची जोडी तरी. सोबत पुढची दोन टॉप माउंटिंग, त्यांची बेअरिंग, चार बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि स्प्रिंगेखालची रबरं नवी घे. जुनी रबरं परत चढवणं ही खोटी काटकसर; सगळी मजुरी पुन्हा पडते.

बसवताना तिथे उभा राहा. ट्विन-ट्यूब खोक्यात आडवा पडून असतो, आतल्या नळीत गॅस शिरलेला असतो. बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून खेचायचा, नाहीतर पहिल्या दिवसापासून पोकळ लागतो. स्ट्रट काढण्याआधी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असेल तर तिचा क्लिप सोडवायचा. नकलच्या (चाक बसतं तो लोखंडी भाग) बोल्टभोवती रंगाने खूण करायची. नकल तारेने बांधायची. बाहेर लोंबली तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निखळतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर, आणि वरचा नट ढिला करण्याआधी स्प्रिंग वाटीत सैल झालीच पाहिजे. हे न पाळता नट काढला तर जबडा फुटतो, अतिशयोक्ती नाही. वरचा नट हाताच्या पान्याने आवळायचा, शॉकअपचा दांडा अ‍ॅलन कीने किंवा त्याच्या चपट्या भागावर पान्याने धरून. दांडा पकडीने धरू देऊ नकोस. क्रोमला ओरखडा पडला की महिन्याभरात सील कापलं जाऊन तेल येतं.

मागे आक्साला जॅकचा आधार देऊनच शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं. आणि हा बोल्ट अखेरचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकल्यावर. लटकत्या आक्सावर आवळला की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मग अलाइनमेंट. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, चुकला तर टायर एका कडेने खाल्ले जातील.

एवढं वाचूनही कॉइलओव्हरच हवे असतील, म्हणजे कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी न्यायचा बेत असेल, तर उंची खालच्या ब्रॅकेटच्या आट्यांवर बदलता येणारा संच घे. त्यात शॉकअपचा प्रवास तसाच राहतो. नुसती वाटी वर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी उंचावते, एवढंच. डॅम्पिंग बदलायचा नॉब पूर्ण कडक करून तिथून क्लिक मोजत मागे ये, आणि शेवटाला जोर लावू नकोस. २००-३०० किलोमीटरनंतर आट्यांवरच्या रिंगा पुन्हा आवळायच्या आणि अलाइनमेंट परत करायचं. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात आटे एका हंगामात जाम होतात. मेणाचा स्प्रे आणि कापडी मोजा लागेलच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे (गाडीत फेरफार करण्यावरचं बंधन) आरटीओत आणि विमा कंपनीशी बोलून घ्यावं लागेल, ते वेगळं.

टायरचे चट्टे आणि मागची उंची दोन्ही बाजूंना मोजून आकडे कळव, म्हणजे स्प्रिंगा लागतील की नाही ते सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक