तोंड किती उघडते, हे आधी मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांधेरोपण म्हटले की गुडघा आणि खुबा एवढेच डोळ्यांसमोर येते. जबड्याचाही सांधा बदलता येतो, हे माझा स्वतःचा उजवा सांधा बदलण्याची वेळ येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. त्या शस्त्रक्रियेला आता तीन वर्षे होतील. या काळात कुणाकुणाच्या ओळखीने अनेक अपरिचितांनी मला दूरध्वनी केले आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, ‘दुखणे थांबले का?’ तो स्वाभाविक आहे. मीही माझ्या शल्यचिकित्सकांना आधी तेच विचारले होते. परंतु शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ त्या उत्तरावर घेणे धोक्याचे आहे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे, म्हणून हे पत्र.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले आणि मिटले की बोटाखाली जे हलते, तो हा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसलेले असते आणि दोहोंच्या मध्ये एक लहानशी चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी बिजागरीसारखे फिरते आणि मग चकतीसह पुढे घसरते. चावताना कट्‌कन आवाज होणे, सकाळी जबडा आखडणे, कानशिलापर्यंत ठणका लागणे या तक्रारी पुष्कळांना असतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे काम काही दिवस मऊ अन्न, शेक, औषधे, व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायचे आवरण (स्प्लिंट) यांवर भागते. तेवढ्याने भागले नाही, तर सुईने सांधा धुऊन काढणे किंवा दुर्बिणीतून दुरुस्ती करणे हे मार्ग असतात. सांधा काढून कृत्रिम सांधा बसवणे ही पायरी त्यानंतरची. हाड वाढून सांधा जखडला असेल, संधिवाताने झिजून गेला असेल, अपघातात त्याचा चुरा झाला असेल, गाठीमुळे हाड काढावे लागणार असेल किंवा आधीच्या शस्त्रक्रिया फसल्या असतील, तरच तिचा विचार होतो. नुसता आवाज येतो म्हणून सांधा बदलून घ्यायला निघालेल्या एका गृहस्थांना मी फोनवर चांगलीच फटकारले होते, हे येथे कबूल करते.

माझे प्रकरण जखडलेल्या सांध्याचे होते. तरुणपणी हनुवटीवर पडले तेव्हा कानापुढचे हाड मोडले होते, पण हनुवटीला टाके घालून सर्वांचे समाधान झाले. पुढे तोंड हळूहळू कमी उघडू लागले. दुखणे फारसे नसल्याने मी ते वर्षानुवर्षे अंगावर काढले आणि जेथे दाखवले तेथे ‘ताण घेऊ नका’ यापलीकडे काही हाती लागले नाही. मोठ्या माणसाचे तोंड साधारणपणे 40 मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये जावीत. माझे 14 मिलिमीटर उघडत होते. एक बोट कसेबसे जाई, दाढा घासता येत नसत आणि भूल देताना घशात नळी कशी घालायची हाच भूलतज्ज्ञांपुढचा पहिला प्रश्न होता. ती अखेर नाकातून, कॅमेऱ्याच्या साह्याने घालावी लागली. इतक्या वर्षांत एकाही दवाखान्यात कुणी माझ्या दातांना पट्टी लावून अंतर मोजले नव्हते, याचे मला आजही नवल वाटते.

कृत्रिम सांध्याविषयी मनात भीती असणे गैर नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनयुक्त रोपणे अनेकांच्या जबड्यात बसवली गेली. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे कण सुटले, शरीराने त्या कणांविरुद्ध प्रतिक्रिया दिली आणि कित्येकांचे हाडच खाल्ले गेले. त्यानंतर 1993 मध्ये तेथील औषध प्रशासनाने जबड्याच्या रोपणांना सर्वांत कडक नियंत्रणाच्या गटात टाकले. आजच्या सांध्यात खोबणीचा भाग विशेष प्रकारच्या घट्ट पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा, तर जबड्याकडचे टोक कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असते. या मिश्रधातूत थोडे निकेल असू शकते, म्हणून खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या त्वचेला खाज सुटते त्यांनी ते आधीच सांगावे. सीटी स्कॅनवरून एकेका रुग्णाच्या हाडाबरहुकूम घडवलेले सांधे बसवलेल्या 56 जणांची सुमारे 20 वर्षांनंतरची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांची सुधारणा टिकून असल्याचे तीत दिसले. तिच्यातील दुसरी नोंद मात्र कमी लोक वाचतात. आधी जितक्या अधिक शस्त्रक्रिया झालेल्या, तितका या रोपणाचा लाभ कमी. वर्षानुवर्षे दुखलेल्या सांध्याची वेदना सांध्यापुरती उरत नाही, ती नसांत आणि स्नायूंत मुरते; सांधा बदलला म्हणून तीही निघून जाईल, असे वचन प्रामाणिक शल्यचिकित्सक देत नाहीत.

मग मोजायचे काय? तर तोंड किती उघडते, चावता येते का, दातांची पकड जुळते का, हे. मला आधीच स्पष्ट सांगण्यात आले होते की नवा सांधा फिरेल, पण पूर्वीसारखा पुढे घसरणार नाही, कारण जबड्याला पुढे ओढणारा स्नायू त्या हाडापासून सोडवावा लागतो. त्यामुळे तोंड उघडताना माझी हनुवटी आज थोडी उजवीकडे झुकते आणि जबडा डावीकडे सरकवता येत नाही. 30 ते 35 मिलिमीटर मिळाले तर यश समजा, असे माझे शल्यचिकित्सक म्हणाले होते. हे आकडे आधी कळले नसते, तर नंतर आरशात पाहून मी शस्त्रक्रिया बिघडली असेच धरून बसले असते.

शस्त्रक्रियेत एक छेद कानापुढे आणि दुसरा जबड्याच्या कोनाखाली असतो, आणि दोहोंच्या मधून चेहऱ्याची नस जाते. शुद्धीवर आल्यावर माझी उजवी भुवई उचलेना आणि डोळा पुरता मिटेना. दिवसा थेंब घालायचे आणि रात्री पापणी कागदी पट्टीने चिकटवून झोपायचे, असे अडीच महिने चालले. एका सकाळी दात घासताना भुवई हलल्यासारखी वाटली आणि मी हातातला ब्रश तसाच धरून किती तरी वेळ आरशासमोर कपाळाला आठ्या घालत उभी राहिले. बहुतेकांची ही दुर्बलता अशीच ओसरते, काहींची मात्र राहते, आणि सही करताना हे ठाऊक असावे. कानापुढची थोडी जागा मला अजून बधिर आहे, परंतु तिचा त्रास नाही.

खरे कष्ट मात्र व्यायामाचे. जीभ दाबून घसा पाहायला डॉक्टर वापरतात त्या लाकडी पट्ट्यांची चळत दातांमध्ये ठेवायची, ताण बसेल इतकी, आणि ती तशीच धरून ठेवायची. हे दिवसातून पाच-सहा वेळा. मी बारा पट्ट्यांपासून सुरुवात केली. तेरावी पट्टी मधोमध सरकवताना डोळ्यांतून पाणी येई आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत जाईलच याचा नेम नसे. विसावी जायला सहा आठवडे लागले. सूज आणि दुखणे असताना नेमके हेच नको वाटते, पण या दिवसांत जबडा स्वस्थ ठेवला तर भोवती घट्ट ऊतक धरते, क्वचित हाडही पुन्हा वाढते आणि सगळे मुसळ केरात जाते. आता माझे तोंड 33 मिलिमीटर उघडते. पट्ट्यांचा जुडगा अजून उशाजवळ आहे, कारण आठवडाभर आळस केला की एक-दोन मिलिमीटर कमी झालेले लगेच कळते.

म्हणूनच माझी रुग्णालयांना विनंती आहे की, शस्त्रक्रियेची तारीख देतानाच फिजिओथेरपिस्टची पहिली भेटही ठरवून द्यावी आणि संमतिपत्रावर आज तोंड किती उघडते व नंतर किती अपेक्षित आहे, हे दोन आकडे लिहावेत. मला घरी सोडताना औषधांची यादी दोन पाने भरून मिळाली होती, व्यायामाविषयी तीत ‘सांगितल्याप्रमाणे’ एवढा एकच शब्द होता. दंतवैद्यांनी प्रत्येक तपासणीत पुढच्या दातांमधले अंतर मोजून नोंदवले, तर त्याला अर्धे मिनिटही लागणार नाही आणि हनुवटीवर पडलेल्या एखाद्या मुलाचा जखडू लागलेला सांधा वेळेत लक्षात येईल.

आता कुणाचा दूरध्वनी आला की, दुखते का हे विचारण्याआधी मी त्यांना आरशासमोर उभे राहायला सांगते आणि स्वतःची किती बोटे आत जातात ते विचारते.

आपली विश्वासू,
एक वाचक