एन. डी. सरांच्या साधेपणाआड झाकलेले राजकारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रा. एन. डी. पाटील यांच्या स्मृतिदिनी, 17 जानेवारीच्या सुमारास, वृत्तपत्रांतून जे लेख येतात, त्यांतील बहुतेक त्यांची साधी राहणी आणि निःस्पृहता यांपाशीच थांबतात. या गुणांविषयी कोल्हापुरात कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या धोरणांशी सर हयातभर भांडले, त्यांनाही अभिवादन सभेत साधेपणाचे गोडवे गाणे सोयीचे पडते, कारण मग भांडण कशावरून होते हे सांगावे लागत नाही.

वाळवा तालुक्यातील ढवळी येथे 1929 साली जन्मलेले सर 1948 मध्ये शेतकरी कामगार पक्षात आले आणि 2022 मध्ये कोल्हापुरात निधन होईपर्यंत तेथेच राहिले. 18 वर्षे विधान परिषद, 1985 ते 1990 या काळात कोल्हापूरची आमदारकी आणि 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्रिपद, एवढीच त्यांची सत्तेतील जमा. ज्या जिल्ह्यात नेत्याचे वजन साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक यांवर तोलले जाते, तेथे सहकारमंत्री राहिलेल्या माणसाच्या पाठीशी स्वतःचा एकही कारखाना नसावा, हे आजच्या तरुण कार्यकर्त्यांना खरे वाटणार नाही.

टोलचा लढा मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. शहरातील सुमारे 50 किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर करून घेण्याच्या मोबदल्यात 30 वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क कंपनीला देण्यात आला होता. म्हणजे फुलेवाडीकडून चारचाकी घेऊन बाजारात येणाऱ्याने आपल्याच गावात शिरण्यासाठी पैसे मोजायचे, आणि ते एका पिढीचे आयुष्य सरेपर्यंत. ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही’ ही घोषणा लहान पोरांच्याही तोंडी बसली होती. ऐंशी ओलांडलेले सर आणि कॉ. गोविंद पानसरे त्या मोर्च्यांच्या अग्रभागी असत, आणि त्यांचा आक्षेप दोन-पाच रुपयांच्या सवलतीपुरता नव्हता. नागरिकांना न विचारता त्यांचे रस्ते गहाण टाकण्याचा अधिकार महापालिकेला आणि शासनाला कोणी दिला, असा तो सवाल होता. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये संतप्त जमावाने नाके पेटवले, आणि अखेर डिसेंबर 2015 मध्ये शासनाने टोल रद्द केला. कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतूनच, म्हणजे पर्यायाने आपल्याच खिशातून झाली, हेही नोंदवले पाहिजे. विजयाच्या गुलालात ते कोणी फारसे बोलले नाही.

रायगडमधील महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, याविरोधी लढ्यातही सर असेच अग्रभागी होते. शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे सप्टेंबर 2008 मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. त्या वेळी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते आणि केंद्रात शरद पवार, म्हणजे सरांचे सख्खे मेहुणे, कृषिमंत्री होते. नाते घरात आणि लढा रस्त्यावर, ही विभागणी सरांनी जितकी काटेकोर पाळली तितकी पाळणारे दुसरे उदाहरण निदान माझ्या नजरेसमोर नाही.

सरांवर टीका करण्यासारखे काही नव्हते असेही नाही. एकेकाळी ज्या पक्षाचा या जिल्ह्यात दबदबा होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसला. लढ्यासाठी हजारोंनी रस्त्यावर उतरणारा कोल्हापूरकर मतदानाच्या दिवशी गटातटाच्या नेत्याकडे वळत राहिला आणि ती फट बुजवणारी दुसरी फळी शेकापला उभी करता आली नाही. याची चर्चा अभिवादनाच्या सुरात बुडून जाते.

म्हणून विनंती अशी की, पुढील स्मृतिदिनी आपल्या दैनिकाने चरित्रलेखाऐवजी टोलच्या त्या कराराची मूळ कलमे छापावीत आणि महापालिकेत तो मंजूर होताना कोणत्या गटाने कोणती भूमिका घेतली होती, याचा तपशील सभेच्या इतिवृत्तांतून काढून वाचकांपुढे ठेवावा. त्यांतील काही मंडळी आजही मते मागायला दारी येतात.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर